एकाच घरात तीन प्रकारचं इंग्रजी, तुमच्याकडे कसं आहे?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते, थोडं लांबेल. विषय इंग्रजीचा आहे पण व्याकरणाचा नाही. आपण गोव्यातली मराठी बोलणारी माणसं रोजच्या बोलण्यात जे इंग्रजी टाकतो ते आजोबांचं वेगळं, आईबाबांचं वेगळं आणि पोरांचं तर आणखीनच वेगळं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं इंग्रजी बिघडलेलं वाटतं.

मला वाटतं बिघडलेलं कुणाचंच नाही, प्रत्येकानं ते वेगळ्या ठिकाणाहून उचललंय एवढंच. आमच्याच घरचं सांगते. १९६१ पर्यंत इथली सरकारी भाषा पोर्तुगीज, मोठ्या शिक्षणाची शाळा म्हणजे पणजीचं लिसेव, त्यामुळे इंग्रजी शिकायचं तर कितीतरी जणांनी मुंबई, बेळगाव, धारवाड गाठलं. आजोबा त्यातलेच, मुंबईला एका कचेरीत टायपिस्ट होते, म्हणजे त्यांचं सगळं इंग्रजी टाइप केलेल्या पत्रांतून आलं आणि घरात बोलतानासुद्धा 'काइंडली डू द नीडफुल'. आईबाबा मुक्तीनंतरचे. १९६२ मध्ये इथे कॉलेजं सुरू झाली ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली, आपलं गोवा विद्यापीठ १९८५ चं. त्यांचं इंग्रजी वर्गातलं, गाईडमधलं, त्यात 'पास्ड आऊट', 'कझिन ब्रदर', 'व्हॉट इज युवर गुड नेम' हे सगळं. आणि माझी भाची, नववीत आहे, तिचं इंग्रजी पूर्णपणे फोनमधून आलेलं, अटलांटा आणि न्यूयॉर्कच्या पोरांचे शब्द म्हापशात बसून बोलते.

भांडण कशावरून झालं तर पूर्णविरामावरून. फॅमिली ग्रूपवर तिनं चतुर्थीला एक दिवस उशिरा येईन म्हणून लिहिलं, आजोबांनी उत्तर दिलं 'ओके. नोटेड.' दोन्ही शब्दांपुढे पूर्णविराम. पोरगी रडवेली, आजोबा माझ्यावर का रागावले म्हणून. आजोबांना तर कळेचना, वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा नाही तर काय द्यायचं, त्यांनी आयुष्यभर तेच केलंय. तिच्या वयाच्या मुलांना छोट्या मेसेजपुढचा पूर्णविराम म्हणजे दार आपटून बंद केल्यासारखा वाटतो. याच्यावर अभ्यासही झालाय, अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्याला ते उत्तर कमी मनापासून दिलेलं वाटतं, आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसं काही वाटत नाही.

दोघंही बरोबर होते आणि तरी एकाला लागलं. म्हणून विचारतेय, तुमच्या घरात, कामावर असं कुठे कुठे होतं? शब्द, सवयी, इमोजी, काहीही लिहा.

साखळीकर मास्तर

बाय, छान विषय काढलास. मी शाळेत इंग्रजीच शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

तुझ्या आजोबांचं 'डू द नीडफुल' हे चुकीचं इंग्रजी आहे असं आजकाल कुणीही उठून सांगतं, ते मला अजिबात पटत नाही. ते इंग्लंडातलंच आहे, तिथे जुन्या व्यापारी आणि सरकारी पत्रांत सर्रास असायचं, पुढे त्यांनी टाकलं आणि आपण ठेवलं. 'आउट ऑफ स्टेशन' तसंच, साहेबाची नेमणूक ज्या ठाण्यावर ते त्याचं स्टेशन, तो गावाला गेला की आउट ऑफ स्टेशन. साहेब गेले, स्टेशन राहिलं. आपल्या गाडीची 'स्टेपनी' घ्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाक तयार करणारी मंडळी होती, त्यावरून ते नाव. आज लंडनमध्ये स्टेपनी मागितली तर गॅरेजवाला बघत राहील, आणि फोंड्यात पंक्चरवाल्याला 'स्पेअर व्हील' म्हटलं तर तो विचारील स्टेपनी ना? डिकीचंही तेच, जुन्या गाड्यांना मागे एक उघडी बैठक असायची ती डिकी.

म्हणजे आपल्याकडचं पुष्कळसं 'चुकीचं' इंग्रजी हे मुळात जुनं इंग्रजी आहे, आणि जुनं बोलणाऱ्या माणसाला हसणं मला बरं वाटत नाही.

पण पोरांच्या बाबतीत मी थोडा कडक आहे हे आधीच सांगतो. वर्गात निबंधात 'ब्रो' आणि 'लिट' (म्हणजे एकदम भारी) यायला लागलंय, औपचारिक पत्राच्या शेवटी 'बाय'. मुलं हुशार आहेत पण त्यांना पत्र आणि मेसेज यातला फरकच दिसेनासा झालाय. आमच्या तालुक्यातली पोरं मराठी किंवा कोंकणीतून प्राथमिक शिकून येतात, त्यांना इंग्रजी ऐकायला मिळतं ते फक्त फोनवर, मग तेच त्यांचं प्रमाण इंग्रजी होऊन बसतं. उद्या मुलाखतीत हे अडतं हो, आणि अडतं ते या मुलांचं, ज्यांच्या घरी आधीपासून इंग्रजी आहे त्यांचं नाही.

चिखलकाला

वाचतोय. मास्तरांचा शेवटचा परिच्छेद अगदी खरा.

काणकोणचो भुरगो

नमस्कार, मी १९ वर्षांचा, आणि बहुतेक या धाग्यावर त्या बाजूचा मी एकटाच, म्हणून लिहितो.

सर, तुमचा राग समजतो पण एक सांगतो, आम्हाला पत्र आणि मेसेज यातला फरक कळतो, फक्त पत्र लिहायची वेळ आमच्यावर परीक्षेशिवाय कधीच येत नाही. मेसेजमध्ये मात्र आमचे नियम खूप बारीक आहेत, मोठ्यांना ते दिसत नाहीत म्हणून नियमच नाहीत असं वाटतं. उदाहरणार्थ हसायचं झालं तर आम्ही डोळ्यांतून पाणी येणारा पिवळा चेहरा टाकत नाही, तो आईबाबांचा झाला, आम्ही कवटी टाकतो, म्हणजे हसून हसून मेलो. माझ्या मावशीनं ती कवटी बघून मला फोन केला, कोण गेलं म्हणून. नुसता अंगठा टाकला तर आम्हाला वाटतं समोरच्याला बोलणं संपवायचंय. तीन टिंबं टाकली तर काहीतरी मनात धरलंय. बाबा तर प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं टाकतात, 'जेवलास का... उद्या ये...' आणि पहिल्यांदा हॉस्टेलवर आलो तेव्हा मला खरंच भीती वाटायची वाचताना.

शब्दांचं म्हणाल तर 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही बोलत, 'बेट' म्हणजे चालेल, ठरलं, 'सस' म्हणजे काहीतरी गडबड आहे, 'रिझ' म्हणजे समोरच्याला बोलून भुरळ घालायची कला. हे आम्ही सुटं वापरत नाही, मिसळूनच वापरतो, 'तो फुल्ल रिझ मारता रे', 'सर आज सस वाटता'. आणि एक शब्द आईबाबांनी वापरला की आमच्यासाठी संपला. हे त्यांना दुखवायला नाही, पण तो शब्द आमचा आहे म्हणूनच आम्ही वापरत होतो ना, सगळ्यांचा झाल्यावर त्यात आमचं काय राहिलं. माझा धाकटा भाऊ दिवसभर 'सिक्स सेव्हन' ओरडत फिरतो, मी विचारलं अर्थ काय तर म्हणतो अर्थ नाहीच. डिक्शनरी डॉट कॉमनं २०२५ चा शब्द म्हणून तोच निवडला, अर्थ नसलेला. मलाही तो आवडत नाही, म्हणजे मीही म्हातारा झालो बहुतेक त्याच्या हिशेबात.

अंत्रुजकन्या

भुरग्या, फार सुंदर लिहिलंस, विशेषतः 'सगळ्यांचा झाल्यावर त्यात आमचं काय राहिलं' हे.

मी भाषांतराचं काम करते म्हणून यात जरा जास्त रस. सगळ्या जगात सगळ्यात जास्त बोलला जाणारा इंग्रजी शब्द घ्या, 'ओके'. तो १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा तिथल्या तरुण मंडळींमध्ये शब्द मुद्दाम चुकीचे लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं वापरायची अशी फॅशन होती. 'ऑल करेक्ट' हे 'ओल करेक्ट' असं के घालून लिहायचं आणि त्याचं ओके. त्या काळच्या मास्तरांना ते 'ब्रुह'सारखंच वाटलं असणार. त्या फॅशनमधले बाकीचे शब्द मेले, ओके तेवढा १८४० च्या अमेरिकन निवडणुकीत प्रचाराला वापरला गेला आणि तगला. आज आजोबा तोच शब्द पूर्णविरामासकट गंभीरपणे लिहितात.

'गाइज' म्हणतो ना आपण मुलामुलींना सगळ्यांना मिळून, तो गाय म्हणजे गाय फॉक्स, १६०५ मध्ये इंग्लंडचं पार्लमेंट उडवायच्या कटातला माणूस. दरवर्षी त्याचा पुतळा जाळायचे, त्या पुतळ्याला गाय म्हणायला लागले, मग गबाळ्या कपड्यातल्या माणसाला, मग अमेरिकेत कुठल्याही माणसाला, आणि आता मडगावच्या कॉलेजात मुलीच मुलींना म्हणतात 'गाइज, चला'. 'नाइस' एके काळी मूर्ख या अर्थी होता. 'लिट' शंभर वर्षांपूर्वी दारू चढलेल्याला म्हणायचे.

आता जरा कळकळीचं. 'कूल', 'नो कॅप', 'स्ले' (म्हणजे झकास करून दाखवणं), 'लिट' आजच्या अर्थानं, यातलं बहुतेक सगळं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतून आलंय. 'कूल' जॅझ वाजवणाऱ्यांनी पसरवला, 'स्ले' न्यूयॉर्कमधल्या काळ्या आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स मंडळींच्या बॉलरूम स्पर्धांमधून आला. त्यांच्या पोरांनी हेच शब्द वर्गात वापरले की त्यांचं इंग्रजी अशुद्ध ठरवलं जायचं, आणि तेच शब्द टिकटॉकवरून जगभर गेले की 'जेन झीची भाषा' म्हणून कौतुक. शब्द वापरायला माझी काहीच हरकत नाही, पण कुणाचे आहेत हे मुलांना माहीत असावं असं मनापासून वाटतं. कोंकणी आणि मराठी दोन्हीकडच्या माणसांना आपली बोली अशुद्ध म्हणवून घ्यायचं दुखणं नवीन नाही, आपल्याला तर हे लगेच कळायला हवं.

कळंगुटचो शॅकवालो

मी फार शिकलेलो नाही, पण इंग्रजीवर पोट आहे म्हणून लिहितो.

आम्ही इंग्रजी शिकलो ते गिऱ्हाइकाकडून. ब्रिटिश चार्टरचे दिवस होते तेव्हा आमच्या पोरांच्या तोंडात 'चिअर्स' बसला, ग्लास वर करून म्हणायचा नव्हे, थँक्यू या अर्थी, बिल दिलं की चिअर्स. मग दुसरे लोक यायला लागले, अमेरिकन माणूस 'चेक प्लीज', म्हणजे बिल आणा, म्हणाला तर आमचा नवीन पोरगा बँकेचा चेक समजून मालकाला बोलवायला गेला. चिप्स मागितले तर ब्रिटिशाला गरम बटाट्याचे द्यायचे आणि दिल्लीवाल्याला पाकिटातले, हे चेहरा बघून ठरवावं लागतं. मोरजीला रशियन आले तसं तिथल्या पोरांचं इंग्रजी पण बदललं, 'आर', 'इज' गाळून सुटे शब्द, कारण समोरचा पण तसाच बोलतो आणि दोघांना कळतं. आता सगळीकडे 'ब्रो'. साठ वर्षांच्या माझ्या भावाला बावीस वर्षांचा पोर ब्रो म्हणतो, त्याला ते आवडत नाही, मी सांगतो अरे तो मान देतोय त्याच्या परीनं, पण खरं सांगायचं तर मलाही अंकल म्हटलेलं जास्त बरं वाटतं.

आमचा 'पायलट' पण सांगतो. बाहेरच्यांना पायलट म्हणजे विमानाचा, आमचा पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा असतो आणि भाडं घेऊन तुम्हाला सोडतो.

आणि एक शब्द आमच्याकडून गेला तो कसा झाला बघा. सुशेगाद. माझी आई म्हणायची, काम आवरलं, दिवा लावला, आता सुशेगाद बसूया. मनाला घोर नाही असं. मुळात पोर्तुगीज शब्द, शांत, निवांत या अर्थाचा. तो इंग्रजीत गेला, टीशर्टवर छापला, आणि आता पाहुणे आम्हाला सांगतात यू गोअन्स आर सो सुशेगाद, म्हणजे आळशी, कामाला उशीर करणारे. पहाटे पाचला उठून मासळी आणायला जाणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. मला याचा खूप त्रास होतो.

अंत्रुजकन्या

शॅकवाले बाब, तुमचं शेवटचं वाचून गप्प झाले. तुमच्यावरून एक जुना अभ्यास आठवला, तो गोव्याच्या माणसानं जाणून घ्यावा असाच आहे.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे, १९६० च्या सुमारास तिथे सहा हजारांच्या आसपास वस्ती होती आणि उन्हाळ्यात चाळीस हजारांवर पाहुणे यायचे. विल्यम लबॉव्ह नावाचे भाषाशास्त्रज्ञ १९६१ मध्ये तिथे गेले, आपल्याकडे मुक्ती झाली तेच वर्ष. त्यांना दिसलं की 'राइट', 'हाउस' अशा शब्दांतले स्वर काही स्थानिक लोक जुन्या धाटणीने, बाहेरच्यांपेक्षा वेगळे उच्चारतात, आणि ते फक्त म्हातारे नव्हते. तिशी ते पंचेचाळिशीतल्या लोकांत ते सगळ्यात जास्त होतं, त्यातही मासेमारी करणाऱ्यांच्या चिलमार्क भागात. शोधल्यावर कळलं की ज्यांना बेटावरच राहायचं होतं, हे बेट आमचं आहे असं ज्यांना आतून वाटत होतं, त्यांचा उच्चार तसा होता, आणि जे बेट सोडून जायच्या विचारात होते त्यांचा नव्हता. कुणी ठरवून केलेलं नव्हतं हे. पाहुण्यांचा लोंढा वाढला तशी त्यांची जीभ आपोआप आपल्या बाजूला झाली.

मला आपल्या गोव्याच्या पोरांच्या इंग्रजीतलं 'रे' आणि 'गो' (म्हणजे मराठीतलं 'गं') तसंच वाटतं. 'कम नो रे', 'व्हॉट हॅपन्ड गो'. कॉन्व्हेंटमधली मुलगीसुद्धा मैत्रिणीशी बोलताना 'गो' सोडत नाही, आणि दिल्लीच्या पाहुण्याशी बोलताना तोच 'गो' गायब होतो. आणि आपला 'च' तर पूर्ण भारतभरच्या इंग्रजीत घुसलाय असं म्हणायला हरकत नाही, 'मी इथेच आहे' चं 'आय ॲम हिअर ओन्ली', 'आजच' चं 'टुडे इटसेल्फ'. हिंदीत 'ही' आहे, दक्षिणेकडच्या भाषांतही असा जोर द्यायची सोय आहे, सगळ्यांना हवा होता म्हणून इंग्रजीत जागा करून घेतली.

तारवटी, वास्को

इथे जहाजावरचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरातलं इंग्रजी चुकलं तर रुसवा होतो, आमच्याकडे चुकलं तर जहाज आदळतं.

माझ्या क्रूमध्ये फिलिपिनो, युक्रेनियन, चिनी, आपले गोयंकार, कोकणातले, सगळे. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. फिलिपिनो माणूस फोनवर 'फॉर अ व्हाइल' म्हणतो म्हणजे जरा थांबा, धरा. नवीन असताना मी वाट बघत बसायचो की थोडा वेळ काय? संडासाला ते 'कम्फर्ट रूम' म्हणतात, नुसतं 'सीआर'. जास्त इंग्रजी बोलावं लागलं की हसून म्हणतात 'नोजब्लीड', नाकातून रक्त यायची वेळ आली. मेसमध्ये हे सगळं चालतं, आणि खरं सांगू का, तिथेच माणसं जवळ येतात, एकमेकांचे शब्द उचलूनच.

पण ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, गेलं की हे सगळं बंद. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, आयएमओनं, नोव्हेंबर २००१ मध्ये ठरवून दिलेली वाक्यं आहेत, एसएमसीपी म्हणतात, डेक ऑफिसरला ती यावीच लागतात. त्यात 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' टाळायला सांगितलंय, कारण 'मे आय एंटर' हा प्रश्न आहे की परवानगी आहे की शक्यता आहे हे रेडिओवर कळत नाही. आकडे एकेक करून बोलायचे, 'वन फिफ्टी' नाही, 'वन फाइव्ह झीरो', कारण फिफ्टी आणि फिफ्टीनमध्ये माणसं मेली असती. बोलायच्या आधी सांगायचं की हे काय आहे, 'क्वेश्चन', 'वॉर्निंग', 'इन्स्ट्रक्शन', 'इन्टेन्शन', आणि मग वाक्य. ऐकू नाही आलं तर 'से अगेन'.

या इंग्रजीत मजा नाही, पिढी नाही, गाव नाही, कुणाचंच नाही ते. म्हणूनच ते सगळ्यांना कळतं. मास्तरांना एवढंच सांगीन की पोरांना हे दोन्ही येऊ शकतं, माझ्याकडे येणारी वीस वर्षांची कॅडेट पोरं मेसमध्ये 'ब्रो ब्रो' करतात आणि ब्रिजवर पाय ठेवला की आवाजच बदलतो. शिकवावं लागतं पण येतं.

विलायतेतली गोंयकार्न

तारवटी दादा, फिफ्टी-फिफ्टीनचं वाचून अंगावर काटा आला. मी इंग्लंडात स्विंडनला असते, वृद्धांच्या केअर होममध्ये काम. इथे आपले गोयंकार खूप आहेत, दुकानात कोंकणी ऐकू येते.

इथे आले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं आहे असं सगळे म्हणायचे, आणि मला पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काही कळत नव्हतं. सकाळी प्रत्येक जण विचारायचा 'यू ऑलराइट?' मला वाटायचं माझा चेहरा आजारी दिसतो का, मी थांबून सांगायची की हो थोडं डोकं दुखतंय. ते फक्त 'काय, बरं ना' एवढंच असतं, उत्तर 'ऑलराइट' देऊन पुढे जायचं. एक आजोबा म्हणाले 'हॅव यू ब्रॉट माय टी', मी चहा नेला, त्यांना संध्याकाळचं जेवण हवं होतं. ब्रिस्टलकडच्या एक आजी मला 'माय लव्हर' म्हणायच्या, मी घाबरले, मग कळलं तिकडे ते कुणालाही म्हणतात, आपल्या 'बाय'सारखं. 'क्वाइट गुड' ब्रिटिश माणूस म्हणाला तर ठीक, इतकं काही नाही, आणि अमेरिकन म्हणाला तर छानच. माझ्या कामाचा रिपोर्ट 'क्वाइट गुड' आला तेव्हा मी आईला आनंदानं फोन केला होता, सहकारी मुलीनं नंतर हळूच समजावलं. चर्चिल यांनी लिहून ठेवलंय म्हणे की महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी 'टेबल' या शब्दावरून बराच वेळ भांडले, एकाला विषय लगेच घ्यायचा या अर्थी, दुसऱ्याला बाजूला ठेवायचा या अर्थी, आणि हवं होतं दोघांना एकच.

मुलगी इथल्या शाळेत. ती 'बेअर' म्हणते म्हणजे पुष्कळ, 'पीक' म्हणजे वाईट झालं, 'अलाउ इट' म्हणजे जाऊ दे, सोड. यातलं बरंच लंडनमधल्या जमैकन, आफ्रिकन, बांगलादेशी सगळ्या पोरांच्या मिसळीतून आलेलं. गोऱ्या घरातल्या मुली पण तेच बोलतात. ती सुट्टीत डिचोलीला आली की आजीशी मराठी, चुलत भावंडांशी 'रे-गो'वालं इंग्रजी, आणि विमानात बसली की परत 'इनिट' (म्हणजे 'हो ना'). मी बघत राहते. तिला कुणी शिकवलं नाही हे.

मांडवीकाठ (धागाकर्ती)

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. शॅकवाले बाब, सुशेगादचं वाचून मी आईला विचारलं, तीही तुमच्या आईसारखंच म्हणाली, मनाला घोर नाही.

भुरग्यानं अंगठ्याचं लिहिलं त्यावरून एक सांगायचं राहिलं होतं. २०२३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवनच्या कोर्टात हाच अंगठा गेला. शेतकऱ्याला जवस विकत घ्यायच्या कराराचा फोटो पाठवला, त्यानं अंगठा टाकला, नंतर माल दिला नाही. तो म्हणाला अंगठा म्हणजे मेसेज मिळाला एवढंच. कोर्ट म्हणालं, तुमच्या आधीच्या व्यवहारांत तुम्ही 'लुक्स गुड', 'यप' असं लिहून करार मान्य करतच होता, तेव्हा हा अंगठा म्हणजे सहीच. ब्याऐंशी हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली. मला यातलं कोर्टाचं कारण आवडलं, त्यांनी अंगठ्याचा अर्थ कोशात शोधला नाही, या दोन माणसांमध्ये तो आधी कसा चालत आला ते बघितलं. आजोबा आणि भाचीला मी हेच सांगतेय की तुमच्या दोघांमध्ये तो पूर्णविराम काय आहे ते तुम्हीच ठरवा. आजोबांनी आता तिच्या मेसेजपुरता तो सोडलाय, बाकी सगळ्यांना अजून 'नोटेड.' येतं, आणि ती त्यांना उत्तर देताना पूर्ण वाक्य लिहिते, 'यू' चं नुसतं एक अक्षर करत नाही.

काणकोणचो भुरगो

हे वाचून बाबांना तीन टिंबांचं विचारलं. ते म्हणाले एसएमएसच्या काळात पैसे पडायचे, एका मेसेजमध्ये सगळं कोंबायचं, वाक्यं वेगळी दिसावीत म्हणून टिंबं टाकायची, तीच सवय. म्हणजे राग वगैरे काहीच नव्हतं.

मास्तर सर, तारवटी काकांचं वाचलंत का? आम्ही पण करू शकतो ते.

साखळीकर मास्तर

वाचलं बाबा, दोनदा वाचलं, आणि दहावीच्या वर्गाला दाखवणार आहे. व्याकरणाचे नियम सांगून जे पटत नाही ते 'वन फाइव्ह झीरो'नं पटेल. पुढच्या महिन्यात मुलांना एक काम देतोय, एकच निरोप तीन जणांना लिहायचा, मित्राला, आजीला आणि मुख्याध्यापकांना, आणि मित्राच्या निरोपात त्यांचे सगळे शब्द चालतील, फक्त ते मला समजावून सांगायचे.

मुख्याध्यापकांच्या पत्रात मात्र 'ब्रो'ला गुण कापणार, ते बदलणार नाही. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) मी मान्य करतो, आपल्याला त्याची गरज होती आणि आता मोठ्या इंग्रजी शब्दकोशांतही तो आहे. 'रिव्हर्ट' उत्तर द्या या अर्थी भारतात, सिंगापुरात चालतो, ब्रिटनला लिहिताना 'रिप्लाय' लिहा. आणि 'पास्ड आऊट' इथल्या अर्जात लिहा खुशाल, परदेशातल्या कॉलेजच्या फॉर्मवर 'ग्रॅज्युएटेड' लिहायचं, अमेरिकेत पास्ड आऊट म्हणजे माणूस बेशुद्ध पडला. भुरग्या, तू बारावीनंतर बाहेर कुठे अर्ज करत असशील तर आधी मला दाखव, फोन नको, इथेच व्यक्तिगत निरोप टाक.